सासूबाईंच्या डब्यातली नीळ

निळ्या रंगातलं मला फार कळतं, असं मी पूर्वी कुणी विचारलं नसतानाही सांगत असे. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, दुर्ग स्टेशनच्या फलाटावर सांगितलं, एकदा दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगायचा प्रयत्न केला. अलीकडे सांगत नाही. का सांगत नाही ते घरच्यांना ठाऊक आहे, आणि पाहुणे आले की ते मुद्दाम विषय काढतात. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठतो. म्हणून वाटलं, एकदा आपणच लिहून काढावं. निदान गोष्ट जेवढी होती तेवढी तरी राहील. आमच्या घरात ती दर वर्षी थोडी वाढत चालली आहे.

मी पोलादाच्या प्लांटमध्ये आहे म्हटलं की गोंदियाकडच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे धगधगती भट्टी आणि घामानं निथळणारा माणूस येतो. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. खरं म्हणजे मी ड्रॉइंग ऑफिसात बसतो, पंख्याखाली. शाळेच्या सहलीत भट्टी जेवढी पाहिली, त्याहून फार जास्त नोकरीतही पाहिलेली नाही. नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे कपाटंच्या कपाटं जुन्या नकाशांनी भरलेली होती. आजच्यासारखे पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांचे नव्हेत. सगळा कागद गर्द निळा आणि त्यावर पांढऱ्या रेघा. खण ओढला की भर दुपारी त्या खोलीत खोल पाणी दिसावं तसं वाटायचं. मी त्या निळ्याच्या नादी लागलो तो तिथं.

आमचे हेड ड्राफ्ट्समन भंडाऱ्याकडचे होते, रिटायर व्हायला आलेले. त्यांनी सांगितलं की हा निळा लोखंडापासून बनतो. कागदाला लोखंडाच्या क्षाराचं पाणी लावायचं, वर नकाशा ठेवून उजेडात धरायचं, मग धुवायचं. उजेड लागला तिथं निळं, नाही लागला तिथं पांढरं. मला हे ऐकून अभिमान वाटला. लोखंडावर पोट भरणाऱ्या गावात निळा रंगही लोखंडाचाच निघाला, म्हणजे घरचाच माणूस म्हणायचा.

त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. छापून झालेल्या निळ्या नकाशात काही बदल करायचा असला, की धुण्याच्या सोड्याचं पाणी करायचं, त्यात टाक बुडवायचा आणि थेट निळ्यावर लिहायचं. सोडा लागला की निळा मरतो आणि पांढरी, जराशी पिवळट रेघ उमटते. पाइप सरकला, जिना वाढला, खांब रद्द झाला, सगळं सोड्यानं. मी स्वतःच्या हातानं अशा शेकडो रेघा मारल्या आहेत. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

पंचेचाळिशीनंतर माणसाला काहीतरी होतं. कुणी पहाटे पळायला लागतं, कुणी भजनी मंडळात जातं. मी चित्रं काढायला लागलो. चित्रं बेतासबात होती, पण रंगांची माहिती मात्र मी पोत्यानं गोळा केली. त्यातही निळ्यांची. लोखंडी निळा म्हणजे प्रशियन ब्लू. चिमूटभर टाकला तरी बादलीभर पाणी रंगेल इतका जोरकस, हिरव्याकडे झुकणारा, दाट लावला तर जवळजवळ काळा. दुसरा अल्ट्रामरीन, जांभळ्याकडे झुकणारा, स्वभावानं सौम्य, थोडा रवाळ. पूर्वी हा डोंगरातून आणलेला दगड कुटून करायचे आणि सोन्याच्या तोलाचा मानायचे. मग कारखान्यात बनायला लागला आणि इतका स्वस्त झाला की त्याच्या पुड्या करून आपल्या आया कपड्यांना देऊ लागल्या. आपली नीळ ती हीच. बाटलीतली पातळ नीळ नव्हे, ती निव्वळ रंगीत पाणी. भुकटीची नीळ. एवढं सगळं मी जेवताना सांगायचो आणि माझी कॉलेजातली मुलगी म्हणायची, "पापा, भाजी ठंडी हो रही है."

आता सासूबाईंबद्दल. माझे सासरे नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत होते. सासूबाई लग्न होऊन नंदिनी नगरात आल्या आणि चाळीस वर्षं चुन्याच्या धुरळ्यात संसार केला. भिंतींना चुना त्याच द्यायच्या, दिवाळीला चूल त्याच सारवायच्या. चुनकळी मडक्यात टाकून पाणी ओतलं की ती कशी फुसफुसते, कधी ढवळायचं, किती दिवस मुरू द्यायची, हे त्यांच्या हातांना माहीत. सासरे गेल्यावर काही वर्षं त्या थोरल्या मुलाकडे, बोरसीला होत्या. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे रुआबांध्याला आल्या आणि राहिल्या. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आधी फार अवघडल्या. स्वयंपाकाला बायको हात लावू देत नसे, झाडायला बाई होती. त्यांच्या वाट्याला एकच काम उरलं होतं, वर्षातून एकदाचं. कानोबा.

ज्यांच्याकडे कानोबा बसत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्व विदर्भात जन्माष्टमीला मातीचा कृष्ण बसवतात, त्याला आम्ही कानोबा म्हणतो. वर लाकडी चौकट टांगून तिला करंज्या, पुऱ्या, पापड्या दोऱ्यानं लटकवायच्या, तो फुलोरा. दुसऱ्या दिवशी काला आणि विसर्जन. बहुतेक घरी मूर्ती रंगवलेली आणतात. सासूबाई कुंभाराकडून कच्ची, बिनरंगाची आणवत. अंगाला चुन्याचा हात द्यायच्या, तो सुकला की चुन्याच्या निवळीत नीळ आणि डिंक कालवून शिंदीच्या काडीनं निळा रंग द्यायच्या. काडीचं टोक चेचून केलेला तो कुंचला सासऱ्यांच्या हातचा होता. आमच्याकडच्या तीन घरांची माणसं याच कानोबापुढे जमत. मूर्तीजवळ काल्याचं दही कुणी नेऊ लागलं की त्या लगेच हटकायच्या, दह्याचा हात कानोबाला नको. मी याला सोवळं समजत होतो. आंबट लागलं की नीळ पांढरी पडते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात माहितीचे खण वेगवेगळे आहेत, आणि एक उघडला की बाकीचे बंद होतात.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी कानोबाचा एक डोळा दुसऱ्याहून थोडा वर गेला होता. कुणी बोललं नाही, पण पाहिलं सगळ्यांनी. मग राखीला दादा आमच्याकडे आला तेव्हा बोलला. मनात वाईट काही नव्हतं, आईच्या काळजीनंच बोलला. म्हणाला, ऑपरेशन झालेले डोळे आहेत, कशाला त्रास करून घ्यायचा. बाजारात एकाहून एक मूर्ती येतात. पुढच्या वर्षीपासून तयार मूर्ती आणू आणि बोरसीलाच बसवू, मुलाचं घर आहे, शोभतंही.

सासूबाई राखीचं ताट आवरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"या सालचा पाहून घे," त्या म्हणाल्या. "नाही जमला तं पुढच्या साली तुमच्या मनासारखं करा. मंग मी काडी हातात नाही धरत."

म्हणजे आठ दिवसांनी जो कानोबा बसणार होता, त्याच्यावर त्यांचं हे एकमेव काम राहणार की जाणार ते ठरायचं होतं. हे घरात सगळ्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, आणि तिथंच माझं बिघडलं. मला त्यांना जिंकवायचं होतं.

मला वाटलं, डोळा वाकडा गेला तर गेला, पण रंग असा आणायचा की दादाचं तोंड बंद व्हावं. त्यांचा कानोबा दर वर्षी फिकट निळा व्हायचा, सरकारी शाळेच्या भिंतीसारखा. आणि माझ्याकडे रायपूरहून आणलेली लोखंडी निळ्याची भुकटी होती, तीच माझ्या जुन्या नकाशांची. मी सासूबाईंना तसं सुचवलंही. त्यांनी ऐकून घेतलं. जावई म्हणून त्या मला कधी तोडून बोलत नसत.

"नको बापू," त्या म्हणाल्या. "चुन्यात नीळच चालते. दुसरं नाही टिकत."

चाळीस वर्षं चुन्यात घालवलेल्या बाईनं मला चार शब्दांत सांगितलं. मी मनात म्हटलं, जुन्या माणसांना नव्याची भीती असते.

जन्माष्टमीच्या दोन दिवस आधी, दुपारी त्या झोपल्या असताना, मी त्यांच्या पलंगाखालचा स्टीलचा डबा काढला. आतली नीळ कागदात बांधली, माझ्या ड्रॉवरमध्ये नकाशांच्या गुंडाळ्यांखाली ठेवली, आणि डब्यात माझी भुकटी भरली. हात धुतले तरी नखांत निळं राहिलं. चोर लपून राहू नये म्हणून तर हा रंग इतका जोरकस नसेल ना, असा विनोदही मला तेव्हा सुचला. मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या व्हरांड्यात रंगवायला बसल्या. चुना आदल्या दिवशी देऊन झालेला. वाटीत निवळी घेतली, डब्यातली भुकटी टाकली, आणि थांबल्या. "नीळ पाण्यावर तरंगून राहिली," म्हणाल्या. नीळ बुडते, लोखंडी निळा तेलकट अंगाचा, पाण्याला चटकन मिसळत नाही. मी म्हटलं, हवा दमट आहे, गोळा झाली असेल. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, बोटानं बराच वेळ घोटली. मग रंग असा उतरला की मुलीनं मोबाइल काढला. खरोखर मेघासारखा सावळा कानोबा. सासूबाईंनी मान मागे करून पाहिलं. "या साली नीळ मोठी चढली," म्हणाल्या, आणि हसल्या. त्या फार हसत नाहीत. डोळे काढले तेही यंदा एका रेषेत आले. मी घराच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ओळखा पाहू कुणाचा हात. दादानं अंगठा पाठवला.

सकाळी मुलीची हाक आली. "पापा, इधर आओ ना जरा."

कानोबा तपकिरी झाला होता. एकसारखा नाही; गालांवर, पोटावर, बासरी धरलेल्या हातांवर गंजाचे चट्टे, मध्ये मध्ये मळकट हिरवट. पावसात वर्षभर पडलेल्या पत्र्याचा रंग असतो तसा. मी उभा राहिलो आणि मला काय आठवलं असेल? सोड्याचा टाक. ताजा चुना सोड्याचाच थोरला भाऊ. दोघंही या निळ्याला खातात आणि मागे लोखंडाचा गंज ठेवतात. वीस वर्षं ज्या हातानं मी हा निळा पुसत आलो, त्याच हातानं मी तो चुन्यात नेऊन घातला होता.

सासूबाई आल्या. जवळ गेल्या, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मग आत जाऊन डबा उघडला, खिडकीशी नेऊन पाहिला. डब्यात निळंच दिसत होतं. त्या परत आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मीच काही उलटंसुलटं टाकलं असन. दिसलं नाही मले."

बायको म्हणाली, पुन्हा रंगवू. पण मूर्ती कच्च्या मातीची. पुन्हा ओली केली तर बोटं सुटून येतील, हे त्यांनीच सांगितलं. मग पिवळं वस्त्र गळ्यापर्यंत गुंडाळलं, फुलं लावली. चेहरा झाकता येत नव्हता.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी तेव्हा गॅसचं सिलिंडर बदलत होतो. ते संपलेलं नव्हतं.

संध्याकाळी बोरसीहून सगळे आले. फुलोऱ्याखाली तो तपकिरी चेहरा पाहून लहानांनी एकमेकांकडे पाहिलं. आरती झाली. प्रसाद वाटताना तो आईजवळ बसला आणि अगदी हळू म्हणाला, "राहू दे आता, आई. किती केलं तू. डोळ्याले आराम दे."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "डोळे गेले बाबा माहे."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. माझ्या हातात पंचामृताची वाटी होती. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं, आणि ते वाक्य मनात तयारही होतं. पण वहिनींनी वाटी मागितली, मी वाटी दिली, आणि मग दादा पुढच्या वर्षी चौकट बोरसीला केव्हा न्यायची ते विचारू लागला. मी म्हणालो, कारमध्ये मावेल. त्या संध्याकाळी मी बोललेलं एवढं एकच वाक्य मला स्वच्छ आठवतं.

दुसऱ्या दिवशी तलावावर मूर्ती मीच नेली. पाण्यात सोडताना माझ्या तळहाताला गंज लागला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी घरात फार चांगला वागलो. भाजी आणली, पंखे पुसले, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. सासूबाईंनी गाडीत बसल्यावर मला सांगितलं, डॉक्टर लोक म्हाताऱ्या माणसाचं मन राखतात. घरी आल्यावर त्या पोळीवरचं तूप चमच्यानं चाचपून वाढू लागल्या, जिन्यावर कठडा धरू लागल्या, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारू लागल्या. आधी हे काहीच नव्हतं. खरी नीळ माझ्या ड्रॉवरमध्ये तशीच होती. रोज वाटायचं, आज अदलाबदल करून टाकू. डब्याकडे जायची हिंमत होत नव्हती. आणि नुसता डबा बदलून काय होणार होतं, हेही दिसत होतं.

मग एका रविवारी त्या माझा पांढरा शर्ट हातात घेऊन व्हरांड्यात आल्या. कानोबाची नीळ आता काय कामाची म्हणून त्यांनी ती धुण्याकडे दिली होती. त्या आठवड्यात माझ्या शर्टाला त्यांनी स्वतः नीळ दिली, वाळवला, इस्त्री केली. आणि कॉलरला, बाह्यांच्या घडीला, जिथं जिथं सोड्याचा साबण थोडा राहिला असेल तिथं, गंजाचे पिवळे डाग उठले होते.

मला वाटलं होतं त्या रागावल्या असतील. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बापू, पाहा," त्या म्हणाल्या. "पन्नास साल कपड्याले नीळ देल्ली मी. नीळेनं गंज नाही चढत. माहे डोळे नाही गेले. नीळच खोटी निघाली."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा होता. त्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं: पाण्यावर तरंगली तेव्हाच त्यांना शंका आली होती. दुकानदारानं दुसरंच काही बांधून दिलं. त्याला विचारायला हवं, शर्ट दाखवायला हवा. मी सोबत चलावं.

इथं मला माझी आणखी थोडी ओळख पटली. कारण मी चप्पल घातली. खरंच घातली. मनात विचार हा होता की दुकानदार कबूल थोडाच करणार आहे. तो नाही म्हणेल, या म्हणतील तूच दिली, थोडी बोलाचाली होईल, परत येऊ. सासूबाईंची नजर शाबूत ठरेल, दादाला फोन जाईल, आणि मी कुठंच नसेन. फाटकापर्यंत मला हे सगळं फार नीटनेटकं वाटलं. फाटकाशी त्या थांबल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या की आपण त्याला जास्त बोलायचं नाही, गरीब माणूस आहे, त्यालाही कुणी फसवलं असेल.

मी म्हणालो, "आई, दुकानदाराचा कसूर नाही. डब्यातली नीळ मी बदलली होती."

त्यांना आधी समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं, तिथंच फाटकाशी, चप्पल घालून. रायपूरची भुकटी, दुपारची वेळ, ड्रॉवर. लोखंड आणि चुना हेही सांगू लागलो, पण ते त्यांनी हातानं थांबवलं.

"आरतीच्या वक्ती तुमी तिथंच होते."

"हो."

"दादा बोलला, तवाही."

"हो."

"मंग कावून नाही बोलले, बापू?"

मी म्हणालो, लाज वाटली.

त्या शर्टाची घडी घालत होत्या. कॉलर आत, बाह्या आत, दुकानात असते तशी. "तुमाले लाज वाटली," त्या म्हणाल्या, "म्हणून पंधरा दिवस मी आंधळी होऊन राहिली."

आणि आत गेल्या. आवाज चढला नव्हता. बापू म्हणणंही सुटलं नव्हतं. त्यांनी मला तू म्हटलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर मी आज ही गोष्ट इतकी बारीक सांगू शकलो नसतो.

बायकोला त्यांनीच सांगितलं की आणखी कुणी, ते मला ठाऊक नाही. दोन दिवस मला चहा मिळाला, पण तो मला कुणी आणून दिला नाही. ओट्यावर ठेवलेला असायचा. मुलगी एकदाच बोलली. "नानी रोज मेरे से पूछती थी कि ये कौन सा रंग है, वो कौन सा रंग है. तुमच्या समोर, पापा."

पुढच्या रविवारी सकाळी पलंगावर तो शर्ट ठेवलेला होता. पुन्हा इस्त्री केलेला, डाग तसेच. त्याच्याशेजारी माझी पँट. मी घातला. आम्ही सगळे गाडीनं बोरसीला निघालो. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं माझ्या कॉलरकडे पाहिलं, तेव्हा बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं.

दादाच्या बैठकीत सगळे जमल्यावर मी सांगितलं. बसून सांगायचं ठरवलं होतं, पण उभा राहिलो, शाळेतल्यासारखा. मध्ये एकदा विनोद करायचा प्रयत्न केला, कुणी हसलं नाही. दादा शर्टाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जवाईबापू, नंदिनीच्या जावयाले चुना माहीत नसावा?" त्यावर मात्र सगळे हसले, मीही हसलो, आणि सासूबाई नाही हसल्या. दादानं त्यांच्यापुढे बसून सांगितलं की चौकट रुआबांध्यालाच राहू दे, कानोबा तूच कर. त्या म्हणाल्या, पाहू.

त्यांनी केला. पुढच्या श्रावणात कुंभाराकडून मूर्ती आली, चुना मुरला. ती जुनी पुडी मी ड्रॉवरमधून काढून त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती घेतली, पण कानोबासाठी नवी आणवली. मी ती आधी स्वयंपाकघरात तपासली. बशीत चिमूटभर घेऊन लिंबू पिळलं. खरी नीळ आंबटानं फिकी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तसा सुटला, मुलगी नाक धरून पळाली. मी बशी सासूबाईंना दाखवायला नेली, मोठ्या उत्साहानं. त्यांनी ऐकून घेतलं, पूर्वीसारखंच.

कानोबा फिकट निळा झाला, शाळेच्या भिंतीसारखा. तीन वर्षं झाली, तसाच होतो. दादा येतो, पाया पडतो, चांगला झाला म्हणतो. गोष्ट मिटली असं सगळे धरून चालतात, आणि माझ्या शर्टाची चेष्टा करतात. तो शर्ट अजून आहे. जन्माष्टमीला सकाळी तो पलंगावर असतो, आणि मी घालतो.

एक मिटलं नाही. पूर्वी त्या वाटीत नीळ कालवायच्या आणि सरळ काडी बुडवायच्या. आता कालवून झालं की थांबतात. वाटी उचलून व्हरांड्याच्या कडेला, उजेडात नेतात, तिरपी करून पाहतात. मग घरात जो असेल त्याला हाक मारतात. बहुतेक वेळा मीच असतो. त्या दिवशी मी सुट्टी घेतो.

"पाहा बरं बापू, निळंच हाये ना?"

"निळंच आहे, आई."

मी वाटीकडे पाहून सांगतो. त्या काडी बुडवतात, पण लगेच नाही.